भिडेच्या तारणावर

ज्या नगरीत कोणतेही काम स्वतः हाती घेण्यापेक्षा ते दुसऱ्याने कसे करावयास हवे होते हे समजावून सांगण्याकडे नागरिकांचा जन्मजात कल आहे, त्या नगरीत चित्रपट-दिग्दर्शकांचे पीक दरसाल उदंड यावे, ह्यात नवल ते काय? पुण्यात रस्ता खणला जात असता खड्ड्याच्या काठी उभे राहून कुदळ कोणत्या कोनातून पडली पाहिजे ह्याविषयी मजुरास विनामूल्य मार्गदर्शन करणारे सेवानिवृत्त गृहस्थ, मंगल कार्यालयात यजमानांशी धड ओळख नसतानाही पंगतीच्या मांडणीतील दोष आचाऱ्याच्या निदर्शनास आणून देणारे पाहुणे, किंवा लक्ष्मी रस्त्यावर परक्याची मोटार मागे घेताना दोन्ही हात उंचावून ‘येऊ द्या, येऊ द्या’ असे म्हणत ती अखेरीस विजेच्या खांबावर नेऊन भिडविणारे स्वयंसेवक, हे सारे तत्त्वतः दिग्दर्शकच होत. त्यांच्या हाती कॅमेरा पडला नव्हता, एवढीच काय ती उणीव होती. ती आता मोबाइलने भरून काढली आहे. परिणामी सदाशिव पेठेपासून सिंहगड रस्त्यापर्यंत ज्या इमारतीत एकही होतकरू दिग्दर्शक राहत नाही अशी इमारत सापडणे दुरापास्त झाले असून, ‘मग चित्रपट का काढीत नाहीस?’ असे त्यास विचारले असता तो जी कैफियत सादर करतो तिचा मसुदाही सर्वत्र एकच असतो: डोक्यात सगळे तयार आहे, पण साधने नाहीत.

ही कैफियत आम्हांस साफ नामंजूर आहे. साधने आधी जमवून मग मोठा दिग्दर्शक झालेला मनुष्य आमच्या ऐकिवात नाही. ज्यांच्याजवळ साधने होती त्यांनी बहुधा त्या पैशातून बंगले बांधले. ह्या देशातील चित्रपटाचा सातबारा ज्यांच्या नावे उतरला आहे त्या धुंडिराज गोविंद फाळक्यांचेच दप्तर उघडून पाहावे. १९१२ साली ते विलायतेस गेले ते विम्याचे कागद तारण ठेवून. परत आले तेव्हा विकत घेतलेला विल्यमसन कॅमेरा होता, विद्या होती, परंतु चित्रपट उभा करण्याइतका पैसा नव्हता. तेव्हा ह्या गृहस्थाने कुंडीत वाटाणा पेरला, तिच्यासमोर कॅमेरा रोवला, अंकुर फुटून त्याचा वेल होईपर्यंत रोजच्या रोज चिमूटभर फिल्म खर्ची घातली, आणि महिन्याभराची वाढ मिनिटाभरात डोळ्यांदेखत होते असा तो चमत्कार धनिकांना दाखवून कर्ज मिळविले. मागावयास आलेल्या मनुष्याच्या हाती वाटाण्याच्या अक्षता ठेवणे ही आपल्याकडील धनिकांची सनातन रीत; येथे वाटाणा ऋणकोनेच पुढे केला आणि धनको निरुत्तर झाला. तरीही रक्कम पुरेना, म्हणून पत्नी सरस्वतीबाईंच्या अंगावरील दागिने गेले. पहिल्या चित्रपटासाठी त्यांनी निवडलेला विषयही ह्या दृष्टीने विचार करण्यासारखा आहे. दिलेला शब्द पुरा करण्यासाठी राजा हरिश्चंद्राने पत्नी व पुत्र ह्यांनाच बाजारात उभे केले होते. फाळक्यांनी केवळ दागिन्यांवर निभावले, आणि ही सवलत सरस्वतीबाईंच्या लक्षात आली असल्यास त्यांनी मनोमन देवाचे आभारच मानले असतील.

पात्रयोजनेतही तोच प्रकार. तारामतीच्या भूमिकेसाठी त्या काळी एकही स्त्री कॅमेऱ्यासमोर उभी राहण्यास राजी होईना, तेव्हा फाळक्यांची दृष्टी ग्रँट रोडवरील एका उपाहारगृहात जेवण रांधणाऱ्या अण्णा साळुंके नामक तरुणाच्या नाजूक हातांवर गेली आणि दरमहा १० रुपयांच्या जागी १५ रुपये कबूल करून त्यांनी त्यास महाराणीपदावर बसविले. पाच रुपयांच्या बढतीत चुलीपासून सिंहासनापर्यंत मजल मारलेला सरकारी नोकर आम्हांस तरी ठाऊक नाही. पुढे १९१७ च्या ‘लंकादहना’त ह्याच साळुंक्यांनी राम आणि सीता अशा दोन्ही भूमिका केल्या, त्यामुळे एका पगारात दोन देवता उभ्या राहिल्या आणि सीताहरणानंतर रामाने शोक कोणाचा करावयाचा हा गहन प्रश्न तेवढा अनुत्तरित राहिला. हरिश्चंद्राचा पुत्र रोहिदास झाला तो फाळक्यांचा मुलगा भालचंद्र. ‘कालियामर्दना’तील श्रीकृष्ण झाली ती कन्या मंदाकिनी. ज्याच्या घरात मुले आहेत त्याने नटांच्या टंचाईची तक्रार करू नये.

परंतु ह्या सर्व जमाखर्चात खरी तसलमात कोणाच्या नावे पडली हे बखरकार सहसा लिहीत नाहीत. रात्री अंधाऱ्या खोलीत बसून कोऱ्या फिल्मला छिद्रे पाडावयाची, रसायने कालवावयाची, दिवसा चित्रीकरणाच्या वेळी तळपत्या उन्हात पांढरी चादर ताणून धरून पात्रांच्या तोंडावर उजेड पाडावयाचा, आणि एवढे आटोपल्यावर त्या साऱ्या मंडळींचा स्वयंपाक करावयाचा, असा सरस्वतीबाईंचा दिनक्रम होता. आजच्या भाषेत सांगावयाचे तर प्रयोगशाळा, प्रकाशयोजना आणि केटरिंग ही तीन खाती एका व्यक्तीकडे होती आणि त्या व्यक्तीस पगार नव्हता. ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला आणि फाळके चित्रपटसृष्टीचे जनक ठरले. जनक आहे म्हटल्यावर जननीही कोणी असेल, अशी साधी शंका इतिहासकारांना यावयास पुष्कळ वर्षे जावी लागली.

कोल्हापूरचे बाबूराव पेंटर ह्यांची गोष्ट ह्याहून निराळी नाही. किंबहुना ती अधिक अवघड म्हटली पाहिजे, कारण फाळक्यांनी कॅमेरा विकत तरी आणला, बाबूरावांनी तो घडविला. आतेभाऊ-मामेभाऊ अशा दोघांनी मिळून हे काम आरंभिले होते. त्यांतील आनंदराव १९१६ साली वारले, तेव्हा उरलेले काम बाबूरावांनी दामल्यांच्या साहाय्याने तडीस नेले. महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली तीही तानीबाई कागलकर ह्या गायिकेने पुढे केलेल्या पैशावर. म्हणजे येथेही अखेरीस स्त्रीधनच! त्या घरगुती कॅमेऱ्याने टिपलेली ‘सैरंध्री’ १९२० च्या फेब्रुवारीत पुण्यात मंडईजवळच्या आर्यन थिएटरात झळकली आणि लोकमान्यांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली. ही घटना आम्ही मुद्दाम नमूद करीत आहो. परगावच्या माणसाने स्वतः बनविलेल्या वस्तूस पुणेकरांनी नावे न ठेवता पदवी दिली, असा दाखला ह्या शहराच्या इतिहासात फारसा आढळत नाही.

त्याच कंपनीतून बाहेर पडलेल्या मंडळींनी १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी काढली. दामले, फत्तेलाल, धायबर आणि शांताराम ह्या चौघांजवळ कला होती आणि पाचवे सीतारामपंत कुलकर्णी ह्यांच्याजवळ भांडवल होते. चारास एक हे प्रमाण आजही आदर्श मानण्यास हरकत नाही. १९३३ मध्ये हे बिऱ्हाड पुण्यास आले, आणि १९३६ साली त्यांनी जो चित्रपट काढला त्याचा नायक कोण, तर देहूचा एक दिवाळे निघालेला वाणी! ज्या पुरुषाने कर्जखते इंद्रायणीत बुडविली त्याच्या चरित्रावर ‘प्रभात’ची तिजोरी भरली आणि ‘संत तुकाराम’ने व्हेनिसपर्यंत जाऊन मान मिळविला. तुकाराम झालेले विष्णुपंत पागनीस वैकुंठास गेले. हिशेबनीस, आमची खात्री आहे, त्या रात्री प्रथमच निवांत झोपला असेल.

ह्याच प्रभातच्या आवारात १९४० नंतरच्या दशकात दोन तरुण उमेदवारी करीत होते. दोघांचे कपडे धुणारा परीट एकच असल्यामुळे एकाचा सदरा दुसऱ्याच्या अंगावर दिसला आणि त्यावरून ओळख झाली. मुंबईतील एखाद्या ठिकाणी हा प्रकार घडता तर नोटिसा गेल्या असत्या, पुण्यातील एखाद्या वाड्यात घडता तर दोन घरांतील बोलणे तीन पिढ्या बंद पडले असते. पण हे दोघे बाहेरगावचे असल्यामुळे त्यांनी मैत्री केली आणि एकमेकांस वचन दिले की, आपणांपैकी जो दिग्दर्शक होईल त्याने दुसऱ्यास नायक करावे आणि जो निर्माता होईल त्याने दुसऱ्यास दिग्दर्शक करावे. देव आनंदने १९५१ साली ‘बाझी’ गुरुदत्तच्या हाती देऊन ते पाळले. एका सदऱ्याच्या गफलतीतून मिळालेला हा दिग्दर्शक देशास किती स्वस्त पडला, ह्याचा हिशेब कोणीही करून पाहावा.

आपल्या प्रांताबाहेर दृष्टी टाकली तरी दस्तऐवज हेच बोलतात. सत्यजित राय ह्यांनी ‘पथेर पांचाली’साठी प्रथम विम्याचे कागद आणि मग पत्नीचे दागिने गहाण टाकले. विमा आणि दागिने हा क्रमसुद्धा फाळक्यांचाच. जणू काही ह्या धंद्याचा हा शिरस्ताच ठरून गेला आहे. तेही संपल्यावर पश्चिम बंगाल सरकारने मदत केली, आणि चित्रपटाच्या नावात वाट असल्यामुळे ती रक्कम रस्ते-सुधारणेच्या खात्यातून दिली गेली असे सांगतात. ह्या गोष्टीचा आम्हांस नेहमी विस्मय वाटतो. रस्त्यांच्या खात्यातील पैसा रस्त्यांवर न लागता अन्यत्र जाण्याची परंपरा आमच्या शहरासही सुपरिचित आहे, पण त्यातून एकदाही ‘पथेर पांचाली’ निघाल्याचे ऐकिवात नाही. श्याम बेनेगलांनी तर १९७६ मध्ये गुजरातेतील पाच लाख दूध-उत्पादकांकडून प्रत्येकी दोन रुपये घेऊन ‘मंथन’ काढला. एका सावकाराने दहा लाख देऊन छातीवर बसण्यापेक्षा पाच लाख धन्यांनी दोन-दोन रुपये देऊन तिकीट काढून पाहावयास येणे केव्हाही श्रेयस्कर.

ह्या साऱ्या दाखल्यांवरून आमचे असे मत बनले आहे की, कॅमेरा, दिवे आणि पैसा ही दिग्दर्शकाची साधने नव्हेतच. दुसऱ्याची भीड हेच त्याचे एकमेव साधन. समोरच्याला ‘नाही’ म्हणता येऊ नये अशा वेळी, अशा चेहऱ्याने आणि अशा आवाजात मागावयाचे, ही ती कला. भिंग, प्रकाश आणि संकलन वगैरे शेष गोष्टी पुस्तकात मिळतात. ‘भीड भिकेची बहीण’ असे आपल्या पूर्वजांनी म्हणून ठेवले ते भीड धरणाऱ्यास उद्देशून. दुसऱ्याने आपली भीड धरली तर ती भिकेची नव्हे, चक्क लक्ष्मीची बहीण ठरते. आणि इथेच पुण्याचे वैशिष्ट्य ध्यानात येते. पुण्यात भिडे पुष्कळ आहेत, मुठेवर त्या नावाचा पूलही आहे आणि पावसाळ्यात तो पाण्याखाली जातो. परंतु भीड म्हणाल तर ती बाराही महिने पाण्याखालीच असते. ‘नाही’ हा शब्द जेथे विचार करण्यापूर्वीच उच्चारला जातो, ‘बघू’ म्हणजे नाही, ‘विचारून सांगतो’ म्हणजे नाही आणि ‘हो’ म्हणजेही ‘आता जा’ एवढाच अर्थ असतो, त्या शहरात ज्याने एका वाड्याचे अंगण, एका काकूंची सोललेल्या लसणीची परात आणि एका जिन्याच्या वापराची परवानगी फुकट मिळविली, त्यास पुढे जगातील कोणताही निर्माता अवघड जाणार नाही. लॉ कॉलेज रस्त्यावर प्रभातच्याच जागी १९६० साली सरकारने चित्रपट-शिक्षणाची संस्था काढली हे योग्यच झाले. तेथे कॅमेरा सरकारी मिळतो, दिवे सरकारी मिळतात. खरा अभ्यासक्रम मात्र फाटकाबाहेर, पहिल्या घराची घंटा वाजविताच सुरू होतो.

ह्या बाबतीत एका पुणेकर बाईंचा उल्लेख टाळता येणार नाही. सुमित्रा भावे मूळच्या समाजशास्त्राच्या. कर्वे समाजसेवा संस्थेत त्यांनी अध्यापन केले होते. झोपडपट्टीतील स्त्रियांच्या जीवनावरील संशोधन ज्यांच्याविषयी आहे त्यांनाच वाचता येत नाही, तर ते लिहून कोणासाठी, ह्या प्रश्नातून त्या कॅमेऱ्याकडे वळल्या आणि १९८५ मध्ये ‘बाई’ हा लघुपट केला. त्यास राष्ट्रीय पुरस्कार मिळाला; पुढे सुनील सुकथनकरांसह त्यांनी चित्रपटांमागून चित्रपट केले, आणि ‘कासव’ला २०१६ चे सुवर्णकमळ मिळाले. भव्य सेट नाहीत, परदेशी गाणी नाहीत. माणसांना तासन्‌तास बोलते करण्याची सवय तेवढी होती. इतरांनी लोकांकडे वस्तू मागितल्या, ह्यांनी हकीकत मागितली. आणि पुण्यातील मनुष्य खुर्ची देणार नाही, पण हकीकत मागितल्यास जेवणाची वेळ विसरून देतो. भाऊराव कऱ्हाडे ह्यांनी ‘ख्वाडा’साठी शेतजमीन विकली. तो मार्ग आम्ही शहरवासीयांस सुचवीत नाही, कारण आमच्याकडे विकण्यासारखी जमीन म्हणजे गच्चीतील तुळशीची कुंडी, आणि तिच्या मालकीबद्दलही सोसायटीत वाद चालू आहे.

आमच्या इमारतीतील एका तरुणाने मध्यंतरी लघुपट काढला, तेव्हा वरील सिद्धान्त आम्हांस प्रत्यक्ष तपासून पाहता आला. कथा एका एकाकी वृद्धाची होती. होतकरू दिग्दर्शकांच्या कथा नेहमी एकाकी वृद्धांच्या का असतात, ह्याचा उलगडा आम्हांस पुढे झाला: वृद्ध घरीच असतात आणि मानधन मागत नाहीत. मोबाइल त्याचा स्वतःचा होता. उजेड परतविण्यासाठी गणपतीच्या मखरातला थर्माकोल होता, नट एकांकिका-स्पर्धेतले होते व ते केवळ भूक भागेल एवढ्या पोह्यांवर काम करीत होते. अडले ते ट्रॉलीवाचून; कॅमेरा पात्रामागून संथपणे सरकत गेला पाहिजे असा त्याचा आग्रह होता. तेव्हा त्याची नजर तळमजल्यावरील आजोबांच्या चाकांच्या खुर्चीवर गेली. आजोबा तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले.

“आजोबा, तुमची खुर्ची दोन तास मिळेल का?”

“कशाला?”

“तिच्यावर बसून शूटिंग करायचंय. फ्रान्समध्ये गोदारने असंच केलं होतं. १९६० चा सिनेमा आहे.”

“त्याने खुर्ची परत केली का?”

ही गोष्ट मात्र खरी आहे. गोदारने ‘ब्रेथलेस’च्या वेळी छायाचित्रकारास चाकांच्या खुर्चीत बसवून ती स्वतः ढकलली होती. परंतु परतफेडीविषयी चित्रपटाचे इतिहास मौन पाळतात आणि आजोबांस तोंडी हकीकतीवर विश्वास ठेवण्याची सवय नव्हती. त्यांनी अर्ज मागविला. तो दोन प्रतींत असावा, खुर्ची गटाराच्या झाकणापलीकडे नेऊ नये, चाकांतील हवा पूर्ववत भरून द्यावी, अशी कलमे घालण्यात आली. आणि शेवटचे कलम असे की, खुर्चीचा मालक कोणत्याही परिस्थितीत खुर्ची सोडणार नाही. मंजुरी मिळाली, पण खुर्चीत छायाचित्रकारास जागा उरली नाही. अखेर मोबाइल आजोबांच्याच हाती दिला गेला आणि खुर्ची दिग्दर्शकाने ढकलली.

ज्या गृहस्थाने सारी हयात कागदातील उणीव शोधण्यात घालविली त्याच्या हाती भिंग दिल्यास ते कोठे वळेल हे सांगावयास नको. नायक दिवंगत पत्नीच्या छायाचित्रासमोर हुंदका देत असताना कॅमेरा हळूहळू खाली उतरून उंबऱ्याबाहेर वेड्यावाकड्या पडलेल्या चपलांवर स्थिरावला आणि हुंदका संपेपर्यंत तेथून हलला नाही. दुसऱ्या प्रसंगात तो भिंतीवरील ओल दाखवीत राहिला, कारण ती वरच्या मजल्यावरील मंडळींच्या नळामुळे आली आहे असा आजोबांचा जुना दावा होता व ह्या निमित्ताने पुरावा तयार होत होता. पुन्हा चित्रीकरण करावे तर खुर्चीची मुदत संपलेली. तरुणाने मन घट्ट करून तोच लघुपट एका महोत्सवास धाडला. परीक्षकांनी वस्तूंच्या मौनाची विलक्षण जाण, कॅमेऱ्याची बैठ्या माणसाच्या उंचीवरील सातत्यपूर्ण पातळी आणि ओल ह्या प्रतिमेतून सूचित होणारा दांपत्य-जीवनाचा क्षय ह्यांची मुक्तकंठाने प्रशंसा करून त्यास पारितोषिक दिले.

खरा कलह निघाला तो ऋणनिर्देशावरून. अकरा मिनिटांच्या त्या लघुपटात जवळजवळ तीन मिनिटे आभारांची होती, कारण ज्याने शिडी दिली त्याचे, ज्याने शिडी देण्यास हरकत घेतली नाही त्याचे, आणि ज्याच्या कुत्र्याने त्या दिवशी भुंकणे आवरले त्याचेही नाव घालावे लागले. क्रम कोणता, ह्यावर सोसायटीची खास सभा भरली व देखभाल-खर्चाची थकबाकी नसलेल्यांची नावे आधी, असा ठराव बहुमताने झाला. नटांसाठी रोज पातेलेभर पोहे करणाऱ्या त्याच्या आईचे नाव कोठेच दिसेना, म्हणून आम्ही त्यास विचारले, तेव्हा “घरच्यांचे काय आभार मानायचे, काका?” असे तो सहजपणे म्हणाला. १९१३ सालापासून चालत आलेल्या ह्या प्रघातात त्याने कोणताही बदल केला नव्हता.

आजोबांचे समाधान मात्र झाले नाही. पडद्यावर त्यांचे नाव ‘खुर्ची-सौजन्य’ ह्या मथळ्याखाली आले होते, आणि परीक्षकांनी वाखाणलेली एकूण एक गोष्ट ज्याअर्थी आपल्या हातून घडली त्याअर्थी दिग्दर्शक आपणच, अशी त्यांची तक्रार होती. ती त्यांनी लेखी दिली, तिची पोच घेतली, आणि उत्तर न आल्याने स्वतःच चित्रपट काढण्याचे ठरविले. विषय ओल हाच. खुर्ची घरची होती, ढकलण्यासाठी नातू होता, अडले ते मोबाइलवाचून. त्यांच्याजवळचा मोबाइल जुन्या धाटणीचा, बटणांचा. तेव्हा रविवारी सकाळी त्यांनी त्या तरुणाचे दार वाजविले आणि त्याचा मोबाइल दोन तासांपुरता मागितला. तरुणाने क्षणभर विचार केला, आत जाऊन कागद घेऊन आला, आणि म्हणाला, “आजोबा, अर्ज दोन प्रतींत लागेल. आणि मोबाइलचा मालक मोबाइल हातातून सोडणार नाही.”